दंडाच्या पावत्या

नऊ ऑगस्टला नंदुरबारच्या रस्त्यावर उभं राहिलं की अख्खा सातपुडा खाली उतरून आलाय असं वाटतं. धडगाव, मोलगी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, सगळीकडून जीपा आणि पिकअप भरभरून माणसं येतात. ढोल, तीरकामठे, मोरपिसांचे टोप, बायकांच्या अंगावर चांदीचे जाड दागिने. फलकांवर बिरसा मुंडा, तंट्या भिल्ल, खाज्या नाईक. त्या गर्दीत भिल्ल असतात, पावरा असतात, कोकणा, मावची, तडवी, धानका असतात. बोली वेगळ्या, सोयरिकी आपापल्यात, सणवार आपापले. पण त्या दिवशी विचारलं तर सगळे एकच सांगतात: आम्ही आदिवासी.

आपल्या बाकीच्यांसाठी ही तारीख १९४२ ची, गवालिया टँकची. नंदुरबारच्या मिरवणुकीला ती मिळाली जिनिव्हाहून. ९ ऑगस्ट १९८२ ला संयुक्त राष्ट्रांनी जगभरच्या आदिवासींसाठी नेमलेल्या कार्यगटाची पहिली बैठक तिथे भरली. पुढे डिसेंबर १९९४ मध्ये आमसभेने तोच दिवस जागतिक आदिवासी दिन म्हणून जाहीर केला. मोलगीच्या पाड्यावरचं पोर आणि जिनिव्हातलं सभागृह यांच्यामध्ये जी वाट आहे, तिच्याबद्दल मला आज लिहायचंय. धडगाव भागातल्या आश्रमशाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. तेव्हापासून ही वाट शोधायचा मला नाद आहे.

पुण्या-मुंबईकडची मंडळी या मिरवणुकीबद्दल हमखास एक गोष्ट बोलतात. हे सगळं अलीकडचं आहे म्हणे. पूर्वी कुठे होतं हे ‘आदिवासी, आदिवासी’? कुणीतरी बाहेरून येऊन डोक्यात भरवलंय. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. सगळ्या जमातींनी मिळून एक नाव लावणं, सातासमुद्रापलीकडच्या कुणा अनोळखी माणसाला आपला भाऊबंद मानणं, हे अलीकडचंच आहे. पण ते बाहेरून कुणी भरवलेलं नाही. ते जिथे जिथे घडलं त्या जागा दाखवता येतात, आणि आश्चर्य म्हणजे त्यातल्या कितीतरी जागी एक धरण आहे. निदान कागदावर आखलेलं तरी.

फिलिपिन्सच्या लुझॉन बेटाच्या उत्तरेला कॉर्डिलेरा नावाचे डोंगर आहेत. त्यातून चिको नदी वाहते. नदीच्या दोन्ही अंगाला उभ्या उतारांवर भातखाचरं रचलेली, एकावर एक, पायऱ्या पायऱ्यांची; आणि खाचरांच्या मधोमध दाटीवाटीने गावं. इथे कलिंगा आणि बोन्तोक लोक राहतात. राहतात म्हणजे, सरकारदरबारी त्यांना या नावाने ओळखतात. त्यांचं स्वतःचं जग मात्र गावापुरतं होतं. बुगनाय गावचा माणूस आधी ‘बुतबुत’ होता. पलीकडच्या खोऱ्यातला माणूस त्याच्यासाठी परका, आणि कैक पिढ्या तर वैरी. या डोंगरांत एकेकाळी शत्रूचं मुंडकं आणण्याची रीत होती. वैर आवरायला त्यांनी एक उपाय काढला होता, ‘बोदोंग’. दोन गावांमधला शांतीचा करार. कुणी करार मोडला तर काय दंड, पाहुण्याच्या जिवाची जबाबदारी कुणावर, सगळं त्यात ठरलेलं. पण करार कायम दोघांत. प्रत्येक गावाचे असे कितीतरी धागे, एकेका गावाशी एकेक.

१९७२ साली फिलिपिन्सचा राष्ट्राध्यक्ष मार्कोस याने लष्करी कायदा लावला आणि त्याच सुमाराला चिकोवर चार मोठी धरणं बांधायचं ठरलं. पैशासाठी जागतिक बँकेकडे बोलणं सुरू झालं. पाहणी करणारे अभियंते दुर्बिणी आणि फिती घेऊन खोऱ्यात उतरले. लोकांना कुणी विचारलं नव्हतं. बायकांनी आधी हात घातला. सर्वेक्षणाचे तंबू त्यांनी उपटले, सामान डोक्यावर घेऊन डोंगर उतरल्या. काही ठिकाणी म्हाताऱ्या बायका सैनिकांसमोर छाती उघडी टाकून उभ्या राहिल्या. आईच्या वयाच्या बाईची अशी उघडी छाती समोर आली की पुरुषाने मागे फिरायचं, ही तिथली समज.

पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती १९७५ च्या मे महिन्यातली बैठक. मनिलाजवळ केसोन सिटीत दीडशेच्या आसपास कलिंगा आणि बोन्तोक म्होरके जमले. चर्चच्या लोकांनी जागा दिली होती. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी एकमेकांची मुंडकी नेली होती, ते एका जागी बसले आणि दोघांतला बोदोंग त्यांनी सगळ्यांचा केला. ठरलं असं, की धरणाला विरोध करताना कुणी मेलं तर त्याचा सूड गावागावांत काढायचा नाही. धरणाच्या कामावर जाईल त्याला करारातलं संरक्षण नाही. किती साधी कलमं आहेत ही! पण त्या दिवसापर्यंत ‘आपण सगळे’ असं म्हणायची सोयच त्यांच्याकडे नव्हती. जुनी रीत होती, आणि ती ताणून त्यांनी नव्या कामाला लावली. बाहेरून कुणी ‘अस्मिता’ आणून दिली असती तर ती अशी आली नसती.

बुगनायचा मक्लिइंग दुलाग हा या सगळ्यांतला आवाज. फारसं लिहिता-वाचता न येणारा शेतकरी, गावचा पंच, आणि पोटासाठी रस्ता दुरुस्तीवर मजुरी करणारा. त्याची एक गोष्ट तिकडे घरोघर सांगतात. सरकारच्या आदिवासीविषयक खात्याचा प्रमुख त्याच्याकडे जाड पाकीट घेऊन आला. मक्लिइंग म्हणाला, पाकिटात दोनच गोष्टी असू शकतात, पत्र किंवा पैसे. पत्र असेल तर मला वाचता येत नाही. पैसे असतील तर माझ्याकडे विकायला काही नाही. घेऊन जा. आणि जमिनीचा कागद दाखव म्हणणाऱ्यांना त्याने उलट विचारलं होतं, की जी आपल्यामागे उरणार आहे तिचे मालक आपण कसे होणार?

२४ एप्रिल १९८० च्या रात्री सैनिकांनी त्याला त्याच्या घरात गोळ्या घालून मारलं.

ती चार धरणं झाली नाहीत. जागतिक बँक बाजूला झाली, मार्कोस १९८६ ला गेला, योजना गुंडाळली गेली. १९८४ साली कॉर्डिलेरातल्या जमातींनी मिळून एक आघाडी उभी केली आणि २४ एप्रिल हा त्यांचा सगळ्यांचा दिवस झाला. बुतबुत, मग कलिंगा, मग कॉर्डिलेराचे लोक, मग जगातले आदिवासी. वरचं नाव मिळालं म्हणून खालचं पुसलं नाही. बुगनायचा माणूस आजही बुतबुत आहे.

१९७५ या सालात काहीतरी होतं खास. कॅनडात जेम्स बे भागातल्या क्री लोकांची गावं एकमेकांपासून इतकी लांब, की १९७१ पर्यंत सगळ्या गावांचे प्रमुख कधी एकत्र बसलेच नव्हते. क्वेबेक सरकारने त्यांच्या नद्यांवर प्रचंड जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. ती बातमी त्यांना वर्तमानपत्रातून कळली. त्या उन्हाळ्यात मिस्टासिनीला पहिली बैठक झाली, १९७४ ला त्यांची महापरिषद स्थापन झाली, आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये सरकारला त्यांच्याशी करार करावा लागला. न्यूझीलंडमध्ये त्याच वर्षी ७९ वर्षांच्या व्हिना कूपर यांनी नातीचा हात धरून उत्तर टोकाहून वेलिंग्टनकडे चालायला सुरुवात केली. मागे माओरींच्या अनेक टोळ्यांची माणसं, एकमेकांशी जमिनीवरून लढलेली. महिनाभर चालून १३ ऑक्टोबरला ते संसदेसमोर पोचले.

आणि ऑक्टोबरच्याच शेवटी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्ट अल्बर्नीला १९ देशांतले प्रतिनिधी जमले. शुस्वाप जमातीचे जॉर्ज मॅन्युएल यांनी पुढाकार घेऊन जमवले होते. आधीची काही वर्षं त्यांनी न्यूझीलंडात माओरींना, स्कँडिनेव्हियात सामी लोकांना भेटण्यात घालवली होती. पोर्ट अल्बर्नीतला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या काही प्रतिनिधींनी सामी लोकांकडे पाहिलं आणि ते बिचकले. गोरी कातडी, फिकट डोळे! यांच्यासारख्याच चेहऱ्याच्या लोकांनी तर आपल्याला लुटलं. हे कसले आपले? सामींना सांगावं लागलं, की आमची रेनडिअरची कुरणं कशी गेली, शाळेत आमची भाषा बोलल्यावर काय व्हायचं, आमच्या देवऋषींचे ढोल कसे जाळले गेले. ऐकता ऐकता समोरच्याला आपलीच हकिकत ऐकू आली. मग ते एका परिषदेचे सभासद झाले.

ही ओळख रंगाची नाही, नाकाची नाही, रक्तगटाची तर अजिबात नाही, हे त्या सभागृहात ठरून गेलं. ज्या जमिनीवर आपली घडी बसली होती तिच्यावर दुसऱ्या कुणाचं राज्य उभं राहिलं, आपल्याला न विचारता, आणि त्या राज्याच्या कागदात आपण कुठे नव्हतोच: ही हकिकत ज्यांची ज्यांची जुळते, ते आपले. चारच वर्षांनी, १९७९ साली, सामी तरुण ओस्लोत संसदेसमोर तंबू ठोकून उपोषणाला बसले. कारण पुन्हा धरण, अल्ता नदीवरचं. ते धरण बांधलं गेलंच. पण १९८९ मध्ये नॉर्वेला सामींची स्वतःची संसद मान्य करावी लागली. जपानमध्ये निबुतानीचं धरण असंच. साप्पोरोच्या न्यायालयाने १९९७ साली सांगितलं की आयनू हे इथले मूळ रहिवासी आहेत आणि त्यांची जमीन बेकायदा घेतली. धरण मात्र तोवर भरलं होतं, ते तसंच ठेवलं. हा निकाल वाचताना मला संतापही आला आणि हेवाही वाटला. निदान कुणीतरी लिहून तर दिलं.

आता मणिबेली.

चिकोच्या खोऱ्यात हात पोळल्यावर, आणि ब्राझीलच्या जंगलातही तसंच घडल्यावर, जागतिक बँकेने फेब्रुवारी १९८२ मध्ये आदिवासींबाबत पहिलं धोरण केलं. ज्या प्रकल्पाला आपण पैसे देऊ त्याच्या वाटेत आदिवासी असतील तर त्यांचे जमिनीवरचे परंपरागत हक्क आधी पाहावे लागतील, असा त्याचा मथितार्थ. तीन वर्षांनी याच बँकेने सरदार सरोवराला ४५ कोटी डॉलर मंजूर केले. धरण गुजरातेत, पण बुडितात महाराष्ट्राची ३३ गावं, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीतली, भिल्ल आणि पावऱ्यांची. पहिलं मणिबेली.

या गावांचा घोळ असा होता, की पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या कितीतरी जमिनी वनखात्याच्या नकाशात ‘जंगल’ होत्या. सातबारा नाही. मग कसणारा कोण? अतिक्रमणदार. त्याचं घर बुडणार होतं, शेत बुडणार होतं, पण कागदावर त्याच्याकडे बुडण्यासारखं काही नव्हतंच.

नर्मदेच्या खोऱ्यातल्या लढ्याने बँकेला १९९१ मध्ये स्वतंत्र पाहणी समिती नेमायला लावलं. अध्यक्ष ब्रॅडफर्ड मोर्स, आणि उपाध्यक्ष थॉमस बर्जर नावाचे कॅनडाचे कायदेपंडित. आपल्याकडे या समितीचं नाव निघालं की मोर्स म्हणतात आणि पुढे जातात. मी बर्जरपाशी थांबते. हा माणूस तरुणपणी निस्गा जमातीचा वकील होता. त्यांचा खटला त्याने कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला, आणि १९७३ च्या त्या निकालाने गोरे येण्याआधीपासूनचा जमिनीवरचा हक्क ही गोष्ट कायद्याला दिसायला लागली. मग मॅकेन्झी खोऱ्यातून गॅसची पाइपलाइन टाकायची होती, तेव्हा चौकशीचं काम त्याच्याकडे आलं. बर्जर ओटावात बसून राहिला नाही. ३५ वस्त्यांवर गेला, कधी विमानाने, कधी बर्फातून. डेने आणि इनुइट लोकांच्या समोर बसून, त्यांच्या भाषेत बोलू देऊन, त्याने ऐकून घेतलं. अहवालात लिहिलं, दहा वर्षं पाइपलाइन नको, आधी यांचे हक्क मिटवा.

हा माणूस नर्मदेच्या खोऱ्यात आला. निस्गांच्या नदीवरून, डेनेंच्या बर्फावरून, इथल्या चढावर. जून १९९२ च्या त्यांच्या अहवालात ‘अतिक्रमणदार’ या प्रश्नावर पानंच्या पानं आहेत. ज्यांना तुम्ही अतिक्रमणदार म्हणता त्यांचा या जमिनीवर रूढीने चालत आलेला हक्क आहे, ते आदिवासी आहेत, आणि बँकेने स्वतःचं धोरण इथे पाळलेलं नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. चिकोच्या बायकांनी तंबू उपटले नसते तर ते धोरण झालं नसतं. ते धोरण नसतं तर मणिबेलीच्या माणसाला मोजायला ती फूटपट्टी मिळाली नसती. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं आणि बँक बाहेर पडली.

धरण थांबलं नाही. २०१७ ला १३८.६८ मीटर उंचीनिशी त्याचं लोकार्पण झालं. मणिबेलीचं जुनं गावठाण पाण्याखाली आहे. पण १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसे देऊ नयेत म्हणून जे निवेदन काढलं, त्याला नाव दिलं ‘मणिबेली जाहीरनामा’. पुढे जगभरच्या धरणांचा हिशेब मांडायला जागतिक आयोग बसला, तेव्हा त्याच्या बारा सभासदांत मेधा पाटकर होत्या आणि कॉर्डिलेराच्या इबालोई जमातीच्या जोजी कारिन्यो होत्या. चिकोचे डोंगर आणि नर्मदेचं खोरं एका टेबलाशी आलं ते असं.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

आमच्या शाळेत दोन मुलं होती, त्यांचे आजोबा नदीच्या वरच्या अंगाच्या पाड्यावर राहायचे. त्यांचं खालचं शेत पाण्यात गेलं होतं आणि वरचं वनखात्याच्या नकाशात होतं. २००६ चा वनहक्क कायदा आला, दावे भरायचे होते, तेव्हा एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. “बाई, कागद बघून द्या,” म्हणाले. घराच्या आढ्याला टांगलेली एक पिशवी खाली काढली. प्लास्टिकच्या आत प्लास्टिक, त्याच्या आत जुन्या धोतराचं फडकं, त्याच्या आत कागद. धुराने पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले. वनखात्याच्या दंडाच्या पावत्या. कार्बन लावून लिहिलेल्या, जांभळी अक्षरं विरलेली. त्यांच्या वडिलांच्या नावाने, मग त्यांच्या. नाव दर वेळी वेगळ्या तऱ्हेने चुकवलेलं. कारणाच्या रकान्यात एकच शब्द: अतिक्रमण. पुढे रुपये, खाली रखवालदाराची सही, आणि तारीख.

तारीख! तीच तर हवी होती. कायद्याने मागितलं होतं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तुमचा ताबा आहे हे दाखवा. सातबारा नव्हता, पण जमीन कसल्याबद्दल दर काही वर्षांनी भरलेला दंड होता, सरकारच्याच शिक्क्यानिशी. चोर म्हणून दिलेला कागद मालकीचा पुरावा झाला. बाबांनी त्या पावत्या का जपल्या होत्या, हे मी विचारलं. ते म्हणाले, “त्यात आमचं नाव आहे ना.” आयुष्यभरात सरकारने त्यांचं नाव जिथे लिहिलं ती जागा तेवढीच होती.

मी पावत्या तारखेप्रमाणे लावत होते आणि त्यांना मक्लिइंगची गोष्ट सांगत होते. पाकिटाची, कागद मागणाऱ्यांची. त्यांनी आधी विचारलं, ते लोक काय पिकवतात. भात, मी म्हटलं, डोंगर कापून खाचरं केलीयत. “मग पाणी असणार,” ते म्हणाले. मग विचारलं, धरण झालं का. नाही झालं, म्हटल्यावर गप्प बसले. जरा वेळाने म्हणाले, “किती गावं एक झाली होती?”

हाच प्रश्न आहे. नेमका हाच. पहिले कोण आलं, हा नाही.

आपल्याकडे ही चर्चा सुरू झाली की पाच मिनिटांत गाडी आर्य-अनार्यांवर जाते. भारत सरकारचीही भूमिका जुनीच आहे, की स्वातंत्र्याच्या वेळी इथे असलेले सगळे आणि त्यांचे वंशज हे सगळेच इथले मूळ रहिवासी. १३ सप्टेंबर २००७ ला आदिवासी हक्कांचा जाहीरनामा आमसभेत आला तेव्हा १४४ देशांनी बाजूने मत दिलं, त्यात भारत होता. विरोधात चौघेच, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. पुढे त्यांनीही मत बदललं. आपण हो म्हटलं खरं, पण हे आपल्याला लागू कुठे आहे, असा सूर ठेवून. आता माओरींकडे बघा. ते न्यूझीलंडच्या किनाऱ्याला लागले तेराव्या शतकात, अभ्यासक साधारण १२५० ते १३०० म्हणतात. म्हणजे नेवाशाला खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली जात होती त्याच काळात. त्या मानाने आपल्या गल्लीतला प्रत्येक माणूस माओरींपेक्षा ‘मूळ’ ठरेल. तरी जगात कुणी माओरींना तुम्ही आदिवासी कसले असं विचारत नाही. कारण प्रश्न किती शतकांपूर्वी आलात हा नसतोच. १८४० मध्ये ब्रिटिशांनी त्यांच्याशी करार केला, मग तो मोडला, जमिनी घेतल्या, शाळांतून भाषा काढली. त्या नात्यातून त्यांची ही ओळख निघाली. सातपुड्यात वनखात्याची रेघ आखली गेली, आणि रेघेच्या आत सापडलेला माणूस आपल्याच शेतात गुन्हेगार झाला, ते नातंही याच जातीचं. तारखांच्या वादात पडून आपण ते झाकतो, एवढंच.

आणि अलीकडचं म्हणजे खोटं, हे मराठी माणसाने तरी म्हणू नये. देशावरचा, कोकणातला, वऱ्हाडातला, मराठवाड्यातला माणूस आपण सगळे एक म्हणून रस्त्यावर उतरला तो १९५५-५६ मध्ये. त्याआधी निजामाचा मराठवाडा वेगळा होता, मध्य प्रांतातलं नागपूर वेगळं होतं. भाषा जुनी, पण हे ‘एक’ होणं लढ्यातलं. फोर्टात हुतात्म्यांचं स्मारक आहे, तिथे उभं राहून कुणी म्हणत नाही की ही ओळख कुणी बाहेरून भरवली.

मला काळजी वेगळीच आहे. नऊ ऑगस्टच्या मंचावरची भाषणं मराठीत होतात, हिंदीत होतात. आमच्या शाळेतल्या पोरी आपसांत पावरी बोलायच्या, मी वर्गात शिरले की थांबायच्या. इंदलच्या सणाच्या रात्री नर्मदेच्या जन्माची लांबलचक गायना म्हणणारे म्हातारे कमी होताहेत, आणि ‘आदिवासी’ लिहिलेला टी-शर्ट घातलेल्या मुलाला ती येत नाही. मोठं नाव घेताना छोटं नाव हातून सुटू द्यायचं नसतं. हे कलिंगांनी जपलं, माओरींनी तर लहान पोरांसाठी १९८२ पासून आपल्या भाषेच्या बालवाड्या काढून जपलं. आपल्याकडे बोलीभाषेतून पहिली-दुसरी शिकवायचे प्रयोग होतात, गुणी शिक्षक जीव ओतून करतात, पण ते एकेकट्याचे. बदली झाली की संपले. ह्यासाठी मात्र मिरवणूक निघायला हवी.

दावे अजून चालू आहेत. काही मंजूर झाले, काहींना दहा एकर मागितल्यावर दोन मिळाले, काही तालुक्याच्या कपाटात आहेत. बाबांचा दावा मंजूर झाला, मागितल्यापेक्षा कमी क्षेत्राचा. चिकोच्या खोऱ्यातही पुन्हा धरणांच्या योजना आल्यात, आता खासगी कंपन्यांच्या. कागद आता ‘पूर्वसंमती’चा मागतात आणि गावंच्या गावं त्यावर सही करायची की नाही यावरून भांडतात. तिथेही ग्रामसभेसारखंच काहीतरी असतं, तिथेही कोरम, तिथेही अंगठे.

२४ एप्रिल हा कॉर्डिलेराचा दिवस, आणि योगायोगाने आपला पंचायत राज दिन. १९९३ साली त्या तारखेला त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली. त्या दिवशी सातपुड्यातही ग्रामसभा भरतात. विषयपत्रिकेवर घरकुल असतं, रोजगार हमी असते, वनहक्क असतो. येत्या २४ एप्रिलला ज्या गावात मला बोलू देतील तिथे मी पाच मिनिटं मागणार आहे, आणि बुगनायच्या त्या माणसाची, त्याच्या पाकिटाची आणि दीडशे म्होरक्यांच्या कराराची हकिकत सांगणार आहे. आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी आता वनहक्क समितीची सचिव आहे. तिला मी कळवलंय. ती म्हणाली, “बाई, तुम्ही मराठीत सांगा, मी पावरीत सांगते.”